हौदातल्या पाव्हन्याची सोबत

बाई गेल्याचं सांगायला अमरावतीहून माणूस आला तेव्हा मी मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत होते. बिचारा आधी पाणी प्यायला, मग घसा खाकरला आणि खाली बघत म्हणाला, "भागीरथीबाई गेल्या जी, काल सकाळी." माझ्या सुनांनी पदर डोळ्यांना लावले. आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर "मंग आज हौद कोनं भरला?" सुनांनी एकमेकींकडे पाहिलं. म्हातारीचं डोकं फिरलं असंच त्यांना वाटलं असणार. तो माणूसही गोंधळला. "हौदाचं मले नाई मालूम," म्हणाला. तेव्हा मात्र मी मेथीच्या ढिगावरच बसले आणि मोठ्यानं रडले. बाई नाही आणि हौद कोरडा पडणार, या दोन गोष्टी माझ्या मनात एकदमच आल्या.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. वर्तमानपत्राच्या या पुरवणीत गेलेल्या थोरामोठ्यांविषयी लिहून येतं, ते मी नातीकडून वाचून घेते. आता नातीच्याच पाटीवर अक्षरं गिरवून मलाही थोडं वाचता-लिहिता येतं, म्हणून हे धाडस. बाई कुणी थोर नव्हती. तिनं धर्मशाळा बांधली नाही, तिला कुणी मानपत्र दिलं नाही. अमरावतीतल्या एका घराच्या मागच्या अंगणात तिचा सगळा जन्म गेला. पण तिनं माझ्यासाठी जे केलं ते माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही, आणि मी गेल्यावर तेही राहणार नाही. म्हणून लिहिते.

अकोल्यात मोर्णा नदीच्या काठाला आमच्या वडिलांचा भाजीचा मळा होता. मळ्यात मोठी विहीर. बायकांनी पोहू नये असं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी बाईनं ऐकलं नसतं. काठावरून उडी मारून ती थेट तळाशी जायची आणि मूठभर गाळ वर आणून दाखवायची. कुणाची बादली पडली की हाक बाईलाच. मी तिच्यापेक्षा बरीच लहान. काठावर बसून पाण्यात गेलेली बाई वर येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागायचा. ती वर आली की हसायची आणि म्हणायची, "काहून रडतं वं सकू? मी का मासा हाओ, तिथंच राह्याले?" मग तिचं लग्न झालं. दर्यापूरकडचं आमच्याच जातीचं शेतकरी घर, भरपूर काळी जमीन. कापूस वेचायच्या आधी शेतात दहीभात शिंपडून सीतादही करतात, ती पूजा सुरुवातीला बाईच करायची. माहेरी आली की त्या शेताच्या गोष्टी सांगताना थकायची नाही. मनगटावर वेचणीचे ओरखडे असायचे आणि चेहरा उन्हानं रापलेला, पण खुशीत असायची.

पुढे कुठल्याशा परमुलखात लढाई लागली, तिकडचा कापूस बंद झाला आणि विलायतेतल्या गिरण्या आमच्या वऱ्हाडाच्या कापसामागे लागल्या. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांनाच ते खरे वाटतील. अमरावतीच्या बाजारात गाड्यांच्या रांगा गावाबाहेरपर्यंत लागायच्या, हवेत सरकीचा आणि रुईचा वास, झाडांच्या पानांवर कापसाचे धागे. आमचे भाऊजी, म्हणजे बाईचे यजमान, साधे कास्तकार. ते एकदम अडत्ये झाले, शेट झाले. अमरावतीत घर बांधलं. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. आणि घरात आला गोशा. देशमुखांच्या बायका गोशात राहतात, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाहीत. मग आता आपण काय कमी आहोत, असं बाईच्या सासूच्या मनानं घेतलं. तिला आम्ही सगळे आत्याबाई म्हणायचो. ती स्वतः जन्मभर डोक्यावर शेणाच्या पाट्या वाहिलेली, पण पैसा आला आणि तिनं सुनेला आत घातलं. त्या वर्षी सीतादही करायला मजूरबाई गेली. बाईला मिळालं मागचं अंगण. चारही बाजूंनी भिंत, वर तेवढंच आभाळ, मधोमध नवा दगडी हौद, कडेला एक निंबाचं झाड आणि जनावरांना आंबोण घालायची एक जुनी नांद. बाजारातली रुई उडून भिंतीवरून आत यायची. बाई ती हौदाच्या पाण्यावरून पदरानं काढत बसायची. बाहेर काय चाललंय हे त्या रुईवरून तिला कळायचं, एवढाच तिचा बाहेरच्या जगाशी संबंध उरला.

अशात मुंबईहून कापूस घ्यायला आलेल्या एका दलालानं भाऊजींना सोनमासे भेट दिले. जिथवर रूळ आले होते तिथवर आगगाडीनं आणि पुढे बैलगाडीनं, काचेच्या हंडीत. वाटेत बाकीचे मेले, एकच उरला. भाऊजींनी तो बैठकीत ठेवला. येणारा जाणारा तोंडात बोट घालायचा, काही तर हंडीतही घालायचे. मासा पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागला. बाईनं दाराआडून पाहिलं आणि निरोप पाठवला, त्याला हौदात सोडा, नाहीतर उद्या रिकामी हंडी दाखवावी लागेल. तसा तो तिच्या अंगणात आला. बाईनं त्याचं नाव ठेवलं पाव्हना. उन्हाळ्यात हौदाच्या अर्ध्या भागावर बांबूचा तट्टा टाकून ती सावली करायची आणि कणकेच्या बारीक गोळ्या घालायची. महिन्याभरात तो तिच्या बोटांतून गोळी घेऊ लागला.

आता आत्याबाईला चैन पडेना. एकटा जीव घरात बरा नाही, असं तिचं म्हणणं. विहिरीत जसं पाणी निर्मळ राहावं म्हणून कासव सोडतात, तसं तिनं मासे धरणाऱ्या भोयाकडून कासव आणवलं. मऊ पाठीचं, पसरट, ताटाएवढं. कासव म्हणजे साक्षात देव, घरात आलेलं चांगलंच, म्हणून हळदकुंकू वाहून तिनं ते हौदात सोडलं. दुसऱ्या दिवशी पाव्हन्याचं शेपूट कुरतडलेलं. बाईनं ते कासव दोन्ही हातांनी उचललं आणि नांदीत पाणी भरून त्यात ठेवलं. देव घराबाहेर काढायचा नाही, असं आत्याबाईनं बजावलं होतं. त्यामुळे तोही बिचारा तिथंच अडकला. मग नदीतले बारके, चांदीसारखे मासे आले. ते इतके चपळ की कणकेची गोळी पाण्याला टेकायच्या आत गट्टम. पाव्हना आपला जडशीळ, रमतगमत यायचा तोवर काहीच उरायचं नाही. तो वाळू लागला. ते मासे काढले. मग कुणी झिंगे आणले, तर पाव्हन्यानंच ते खाल्ले. बाईला त्याचं फार हसू आलं होतं. "सोन्याचा असला तरी पोट हाय नं वं त्याले," असं मला सांगायची. अंगणात दुसरं होतं काय? कोण कुणाबरोबर राहू शकतो हे पाहण्यात तिचे दिवस जायचे. शेवटी तिनं आत्याबाईला सांगितलं, याची चाल वेगळी, भूक वेगळी. आणायचाच असेल तर याच्याच जातीचा, याच्याच एवढा आणा. नाहीतर राहू द्या एकटा.

हेच तिचं बोलणं पुढे तिच्या गळ्याशी आलं. लग्नाला इतकी वर्षं होऊन बाईच्या पोटी मूल नव्हतं. इस्टेट झाली, तिला वारस हवा. दुसरी करायची हे घरात ठरलं, आणि करायची तर बाईचीच धाकटी बहीण, म्हणजे मी. तशी रीतच होती. सख्ख्या बहिणी भांडणार नाहीत, माहेरही एकच. त्यातही पद्धत अशी की थोरलीनं स्वतः माहेरी जाऊन वडिलांपुढे पदर पसरायचा आणि धाकटीला मागायचं. मी तेव्हा परकरात होते. मला मुद्दाम काही दिवस राहायला म्हणून अमरावतीला आणलं होतं. खरं सांगते, मला ते घर फार आवडलं. काचेची झुंबरं, रोज गोडधोड, पायात वाजणारे नवे तोरडे आणि रात्री कुशीला बाई. मला मेथी निवडावी लागत नव्हती की पहाटे भाजीच्या गाडीवर बसावं लागत नव्हतं. आत्याबाईनं मला विचारलं, "राह्यतं का वं इथंच, बाईजवळ?" मी लगेच हो म्हटलं. ते ऐकून बाई हौदाजवळून उठून आत गेली.

आत दोघींचं बोलणं झालं ते मी दाराशी उभी राहून ऐकलं. बाई म्हणत होती, "आत्याबाई, तुमी मले काईबी करा, पन सकूले नका आनू. पोर बांधावर वाढली हाय, मरून जाईन इथं." आत्याबाई शांत होती. शांत असली की तिची जास्त भीती वाटायची. ती म्हणाली, "तूच म्हने नं, त्याले त्याच्याच जातीचं पाह्यजे म्हून? मंग तुले तुह्याच रक्ताची देऊन राह्यलो, तं आता काहून नाई?" मग आत्याबाईनंच तोडगा काढला. आमच्याकडे अडलेल्या गोष्टीला देवापुढे कौल लावतात. तिनं कौल हौदात लावला. मुंबईहून दुसरा सोनमासा मागवायचा. अक्षयतृतीयेपर्यंत दोघे एका पाण्यात नांदले, तर देवाची मर्जी आहे असं समजून बाईनं अकोल्याला जायचं आणि मला मागून आणायचं. नाही नांदले, तर या घरात दुसरी येणार नाही. भाऊजींनी मान डोलावली. कापूस सोडून दुसऱ्या कशावर आईपुढे बोलायची त्यांची हिंमत नव्हती.

दुसरा मासा आला. थोडा फिकट, पण तसाच जड, तसाच संथ. बाईनं हंडीच आधी हौदात तरंगत ठेवली, दोन्ही पाणी सारखं होऊ दिलं आणि मग त्याला अलगद सोडलं. पाव्हना त्याच्याभोवती फिरला. संध्याकाळपर्यंत दोघे एकमेकांच्या अंगाला अंग घासत तट्ट्याच्या सावलीत फिरू लागले. एकानं गोळी घेतली की दुसरा थांबायचा. इतक्या खटपटीनंतर बाईला हवी होती तशी सोबत पाव्हन्याला मिळाली होती. मी टाळ्या वाजवत होते. आत्याबाई रोज सकाळी काठी टेकत यायची, वाकून दोघांना पाहायची आणि समाधानानं परत जायची. बाईच्या हातची गोळी घ्यायला दोघे वर यायचे तेव्हा ती मात्र त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहायची. ती तेव्हा काय ठरवत होती हे समजायचं माझं वय नव्हतं.

अक्षयतृतीया जवळ आली होती. भर दुपार, घर जेवून आडवं झालेलं. मी निंबाखाली चटईवर पडले होते, पण झोप कुठली, उकाड्यानं जीव नकोसा झालेला. बाई आतून आली. नांदीपाशी गेली. दोन्ही हातांनी तिनं ते कासव वर काढलं. त्याचे पाय हवेत हलत होते, पाणी तिच्या पदरावर गळत होतं. मी उठून बसले. मला वाटलं बाई विसरली, हे चावतं हे तिच्या लक्षात नाही. मी ओरडणार तेवढ्यात तिनं माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं की मी परकराचा काठ तोंडात दाबून धरला. तिनं कासव हौदात सोडलं, तट्टा नीट केला आणि हौदाकडे पाठ करून काठावर बसली. मांडीवर कापूस घेतला आणि सरकी काढत राहिली. मागे पाणी खळबळत होतं. एकदा जोरात, मग पुन्हा... मग शांत झालं. बाईचे हात थांबले नाहीत, पण तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिनं हात वर नेला नाही. तिच्या हातून गोळी खाणारा पाव्हना होता तो. त्या चार भिंतींत तिला ओळखणारा तोच एक जीव होता.

संध्याकाळी आत्याबाई आली. पाव्हना कडेला तरंगत होता आणि दुसऱ्याचं नुसतं शेपूट उरलं होतं. कासव तळाशी. आत्याबाईनं नांदीकडे पाहिलं, मग बाईच्या पदराकडे. पदर अजून पुरता वाळला नव्हता. मला वाटतं तिला कळलं. कळून ती गप्प का राहिली हे मला आजही सांगता येत नाही. तिलाही कुणी कधी कुठे आणून टाकलं असेल, तिचं तिलाच माहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून ती एवढंच म्हणाली, "देव आपल्या पायानं चालत गेला हौदात. झाला कौल." आणि देवाच्या कौलापुढे भाऊजींची काय बिशाद! बाई लगेच म्हणाली, "आता देवाले नांदीत ठेवनं बरं नाई. आमच्या मळ्यातल्या इहिरीत सोडतो, सकूसंगं पाठवा." आत्याबाईनं तेही मान्य केलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी मला कापूस उतरवून अकोल्याला परतणाऱ्या गाडीवर बसवलं. मांडीशी मोठी टोपली, टोपलीत ओलं गोणपाट आणि त्यात ते कासव. बाई उंबऱ्याच्या आत उभी. मी बडनेऱ्यापर्यंत आणि पुढेही हमसाहमशी रडले. बाईला मी नको होते, सवत नको म्हणून तिनं मला हाकललं, असंच मला वाटलं. अकोल्यातल्या बायाही तेच बोलल्या. बाईच्या पोटात दुखलं, बहिणीचं सुख पाहवलं नाही, असं चारचौघींत उघड बोललं गेलं, आणि बाईनं कधी कुणाचं तोंड धरलं नाही.

पुढे ती लढाई संपली आणि कापूस आपटला. शेंब्या गेल्या, झुंबरं गेली, बैठकीची जागा दुसऱ्याला भाड्यानं दिली. गोशा मात्र गेला नाही. माझं लग्न अकोल्यातच, मळेवाल्याच्या घरी झालं. वडिलांना मुलगा नसल्यानं मळाही आमच्याकडेच आला. पहिली मुलगी झाली तेव्हा तिला दाखवायला मी अमरावतीला गेले. तोवर आत्याबाई वारली होती, भाऊजी पडवीत खोकत पडलेले. मी म्हटलं, "बाई, चाल अकोल्याले. पोरीच्या बारशाले चाल. आता कोन अडवते तुले?" बाई माझ्याबरोबर दारापर्यंत आली. मुलगी तिच्या कडेवर होती. उंबऱ्याशी तिचा पाय थांबला. तिनं बाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं, गाड्या चालल्या होत्या, माणसं चालली होती. ती म्हणाली, "कोनीच नाई अडवत. तेच तं हाय..." आणि मुलगी माझ्या हातात देऊन मागं फिरली. विहिरीच्या तळाशी जाणारी माझी बहीण दोन बोटांचा उंबरा ओलांडू शकली नाही. त्या दिवशी, त्या दारात, ती दुपार मला पहिल्यांदा नीट दिसली. तिनं पाव्हन्याला कासवाच्या तोंडी का दिलं ते कळलं, आणि मी पोरीला उराशी धरून तिथंच उभी राहिले.

त्यानंतर मी दरवर्षी जायचे. बाई रोज सकाळी हौद घासायची, ताज्या पाण्यानं भरायची, उन्हाळ्यात अर्ध्यावर तट्टा टाकायची. त्यात मासा मात्र कधीच सोडला नाही. मी एकदा विचारलं, कशासाठी भरतेस रिकामा हौद? म्हणाली, "सवय हाय." शेवटची भेट गेल्या दिवाळीतली. अंग फार वाळलं होतं. निघताना तिनं माझं मनगट धरलं आणि दरवेळी विचारायची तेच विचारलं, "कासव हाय का वं?" मी म्हटलं, हाय. "आनं पोरी? उड्या मारतेत का इहिरीत?" मारतात म्हटल्यावर ती हसली. तिचे पुढचे दात पडले होते, पण हसू काठावरच्या बाईचंच होतं.

तेराव्याला मी गेले तेव्हा हौद कोरडा होता. तळाला शेवाळ वाळून त्याचे पोपडे उठलेले, तट्टा भिंतीला टेकवलेला. मला पाणी ओतावंसं वाटलं, पण हात धजावला नाही. कुणासाठी भरायचा? मी संध्याकाळच्याच गाडीनं अकोल्याला परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी कणकेच्या गोळ्या करून विहिरीवर गेले. माझ्या नाती पोहत होत्या, पाणी उडवत एकमेकींना शिव्या घालत होत्या. मी पायरीवर बसून एक गोळी टाकली. कासव सावकाश वर आलं. पाठ काळवंडलेली, ताटाची आता परात झालेली. त्यानं नाक वर काढलं, गोळी घेतली आणि माझ्याकडे पाहत तिथंच तरंगत राहिलं. त्या अंगणातून एका गाडीवर बसून आम्ही दोघंच बाहेर पडलो होतो. "बाई गेली रे," मी त्याला सांगितलं. त्याच वेळी माझ्या धाकट्या नातीनं काठावरून उडी मारली, कासव खाली गेलं, आणि ती तळाशी जाऊन वर येईपर्यंत मी श्वास धरून पाण्याकडे पाहत राहिले.